सिमेंटचा तात्पुरता उतार

तरुण संघाच्या उन्हाळी सेवाशिबिराला मुलांबरोबर कोणीतरी वडीलधारं माणूस पाठवायला हवं, हा मुद्दा चर्चच्या सभेत मांडला तो निरीक्षकांनीच. त्यांचा हेतू काही वाईट नव्हता. रविवारची उपासना संपल्यावर जी सभा होते, तिच्यात निदान एक मुद्दा मांडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे, एवढंच.

"पोरं वयात आलेली, गाव लांबचं, आणि बरोबर एकट्या रविवारच्या शाळेच्या बाई? उद्या काही कमीजास्त झालं तर कोणाला विचारायचं? एखादा जबाबदार माणूस नको?" असं म्हणून ते खाली बसले आणि रुमालाने चष्मा पुसू लागले. चष्मा डोळ्यांवर चढवला, तर सगळी सभा त्यांच्याकडेच बघत होती. पाळकसाहेबांच्या नजरेत तर हरवलेलं मेंढरू सापडल्याचा आनंद होता.

"देवाने आपल्याला माणूस दिला," पाळकसाहेब म्हणाले.

मागच्या बाकावरून कोणीतरी "आमेन" म्हणालं. आमेन झालं की विषय संपतो. त्याच्यावर कुठे अपील करता येत नाही.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानदारांचे तराजू, लिटरची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासायच्या, हे त्यांचं काम. बाजाराच्या एका टोकाला ते दिसले की दुसऱ्या टोकाचे तराजू खरं बोलायला लागत. अशा माणसाच्या शब्दाला घरात मात्र वजन नाही, हा विनोद त्यांच्या बायकोने लग्न झाल्यापासून इतक्या वेळा केला होता की आता त्यावर घरातल्या भिंतीसुद्धा हसत नसत.

"अहो, तुम्ही? मुलं सांभाळायला?" बायको म्हणाली. "तुम्हाला स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही."

"मुद्दा मी मांडला होता."

"तेच म्हणते. मुद्दे मांडायचे कशाला म्हणते मी."

मुलगी समोरच जेवत होती; तीही शिबिराला निघाली होती. कॉलेजात जायला लागल्यापासून ती बापाशी 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढ्या तीन शब्दांत बोलायची. आज तिने चमचा खाली ठेवला आणि चक्क अख्खी वाक्यं उच्चारली.

"बाबा, एक सांगते. तिथे मी तुम्हाला काका म्हणणार. बाकीचे म्हणतील तसं. आणि तुम्ही मला सगळ्यांसारखंच वागवायचं. पाणी पी, स्वेटर घाल, असलं काही नाही."

"अगं, सगळ्यांना माहीत आहे मी तुझा बाप आहे ते."

"माहीत असू दे. दिसायला नको. आणि स्वेटर नाही."

"उन्हाळ्यात मी स्वेटर कशाला सांगेन?"

"सांगाल तुम्ही."

निरीक्षकांनी अट मान्य केली. खात्यात त्यांनी याहून अपमानास्पद परिपत्रकं मान्य केलेली होती. पण जेवणानंतर ते बराच वेळ गॅलरीत उभं राहून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत राहिले, आणि तो खांब डावीकडे कललेला आहे असं त्यांचं पक्कं मत झालं.

मग बिल्डिंगमध्ये बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरने उलटी, जुलाब, ताप आणि सर्पदंश यांच्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या पुड्या बांधून दिल्या, आणि जिना चढता चढता वळून म्हणाले, "पिवळी आणि गुलाबी एकत्र नका देऊ हं." का, ते त्यांनी सांगितलं नाही. शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर एकदा शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. ते म्हणाले, "सतत मोजत राहायचं. मी नीट मोजली नाहीत. परत आलो तेव्हा संख्या बरोबर होती, पण एक मूल दुसऱ्याच शाळेचं निघालं."

निरीक्षकांनी घाबरून शिट्टी विकत घेतली. बॅगेत ती शिट्टी, पुड्या, मोजायची लोखंडी टेप आणि काचेच्या नळीत बुडबुडा असलेली त्यांची आवडती पाणसळ. पाणसळ कशाला, असं बायकोने विचारलं नाही. इतक्या वर्षांनी काही प्रश्न आपोआप बंद होतात.

बसमध्ये एक गिटारवाला मुलगा होता. त्याला एकच गाणं येत होतं, आणि त्यातल्याही पहिल्या ओळी. निरीक्षक पुढे बसून मुलं मोजत होते आणि दर वेळी एक जास्त भरत होतं. शेवटी रविवारच्या शाळेच्या बाईंनी हळूच सांगितलं की ते क्लीनरलाही धरताहेत. या धक्क्यातून सावरायला ते चहाच्या थांब्यावर खाली उतरले, तर तिथे एक फळवाला मुलांना फळं तोलून देत होता. निरीक्षकांनी सवयीने तराजूच्या पारड्याखाली बोट घातलं. खाली चिंचेएवढा मेणाचा गोळा चिकटवलेला. त्यांनी तिथल्या तिथे फळवाल्याला वजनमापांच्या कायद्यावर जे काही ऐकवलं, ते संपेपर्यंत बस हॉर्न वाजवून दमली. परत बसमध्ये चढले तेव्हा लंबू नावाच्या, खरोखरच दाराला डोकं आपटेल इतक्या उंच मुलाने त्यांचं बारसं करून टाकलं होतं.

"किलोकाका आले! चला!"

सगळी बस हसली. निरीक्षकांनी हळूच मागे बघितलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

मुक्काम गावातल्या शाळेत होता. सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामे होते. निरीक्षकांच्या वाट्याला पहिलीचा वर्ग आला. तिथली बाकं इतकी बुटकी की त्यावर बसून जेवताना त्यांचे गुडघे कानांना लागत. खात्यात ज्याच्यासमोर व्यापारी उभे राहतात, त्या माणसाने दप्तर ठेवायच्या कप्प्यात पाय अडकवून जेवावं, ही गोष्ट त्यांना मनातून लागली. पण सेवाशिबिर होतं, त्यामुळे बोलून दाखवायची सोय नव्हती.

सेवा म्हणजे काम अगदी साधं होतं. गावात एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहत होत्या, त्यांच्या घराच्या दर्शनी भिंतीला रंग द्यायचा. नर्सबाईंनी जन्मभर गावच्या दवाखान्यात नोकरी केली होती. दोन-एक वर्षांपूर्वी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. एक बाई सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांचं सगळं करून जायची. घराचं जोतं उंच, दारापुढे चांगल्या ढोपरभर उंचीच्या पायऱ्या. त्यामुळे नर्सबाई त्या दिवसापासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. खिडकीशी बसायच्या. आणि रस्त्याच्या पलीकडे, समोरच्या घराच्या खिडकीत टेलरबाई बसायच्या. या दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. टेलरबाईंचे गुडघे इतके गेले होते की काठी टेकत त्या आपल्या उंबरठ्यापर्यंत यायच्या, त्यापुढे नाही. तेव्हा दोघी आपापल्या खिडकीतून, मधल्या सायकली, स्कूटर, भाजीवाले या सगळ्यांच्या वरताण ओरडून बोलायच्या.

"रात्री झोप लागली का गं?"

"कसली लागते! गुडघा रात्रभर गात होता!"

"सुनेचं पत्र आलं का?"

"आलं! मेलीने चार ओळी लिहिल्यात!"

सगळी गल्ली दोन वर्षं हे ऐकत होती. त्या सुनेला तर गल्लीत कोणी बघितलेलं नव्हतं, पण तिच्याविषयी प्रत्येकाचं एक मत होतं.

पहिल्याच सकाळी मुलं रंगाचे डबे घेऊन पोहोचली, तर नर्सबाईंनी खिडकीतून सगळ्यांना नखं दाखवायला लावली. निरीक्षकांनासुद्धा. त्यांची बघून म्हणाल्या, "कापा." मग विचारलं, "काय करणार तुम्ही?"

"तुमच्या भिंतीला रंग देणार आजी," गिटारवाला म्हणाला.

"बाहेरून?"

"हो."

"मी आत असते, रंग बाहेर असणार. मला कसा दिसणार तो?"

पाळकसाहेबांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मुलं गुपचूप रंग द्यायला लागली, पण निरीक्षकांच्या डोक्यात तो प्रश्न कुसळासारखा अडकून बसला. दुपारी रंग देऊन झाला आणि सगळे सरबत पीत उभे असताना ते पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "इथे उतार करता येईल. रॅम्प. म्हणजे खुर्ची बाहेर येईल."

ते नुसतं बोलून गेले होते. मुद्दा मांडायची सवय, दुसरं काय. पण त्यांची मुलगी चटकन वळली.

"खरंच येईल?" तिने विचारलं. काका-बिका काही न लावता.

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. "न यायला काय झालं!" निरीक्षक म्हणाले.

नर्सबाईंनी मात्र साफ धुडकावून लावलं. "मला कुठे जायचंय आता? देवाकडे जायला रॅम्प लागत नाही." लंबू भाबडेपणाने म्हणाला की आम्ही तुम्हाला खुर्चीसकट उचलून बाहेर आणतो. त्यावर त्या अशा काही बोलल्या की तो दारातून मागे सरताना चौकटीला आपटला. "जन्मभर मी लोकांना उचललंय. मला कोणी उचलायचं नाही. कळलं?"

विषय तिथेच संपायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची खिडकी उघडलीच नाही. नर्सबाईंनी हाक मारली, मग दुसरी मारली, मग तिसरी. उत्तर नाही. मुलं फाटकाला ब्रश मारत होती, त्यांचेही हात थांबले. नर्सबाई खिडकीच्या गजांना धरून उठायचा प्रयत्न करत होत्या, आणि काल सगळ्यांना नखं दाखवायला लावणाऱ्या त्या बाईंचा चेहरा असा पांढरा पडला होता की निरीक्षकांना तो बघवेना. त्यांची मुलगी ब्रश टाकून रस्ता ओलांडून धावत गेली.

थोड्या वेळाने ती समोरच्या खिडकीत दिसली. तिच्या शेजारी टेलरबाई, गळ्याला मफलर. ठीक आहे, ठीक आहे, असा हात हलवत होत्या. मुलगी परत येऊन म्हणाली, "घसा बसलाय त्यांचा. आवाजच फुटत नाहीये. डॉक्टर म्हणाले, ओरडणं बंद. आता कायमचंच."

टेलरबाईंनी खिडकीतून कापडाचा एक तुकडा हलवला, इकडून नर्सबाईंनीही हात हलवला. नंतर बराच वेळ दोघी आपापल्या खिडकीत नुसत्या बसून राहिल्या, आणि गल्लीला त्या शांततेत काय करावं ते सुचेना.

दुपारी नर्सबाईंनी मुलीला जवळ बोलावलं. "तो तुमचा उतार," त्या म्हणाल्या, "कधी होईल?"

झालं. निरीक्षकांनी बॅगेतून टेप काढली. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं, आणि न बोलता ते मुलीने धरलं. पायऱ्यांची उंची मोजली, रस्ता मोजला, गटार मोजलं. मग कागदावर आकडेमोड केल्यावर असं निघालं की खुर्ची सहज चढेल-उतरेल असा उतार सरळ काढला, तर तो रस्ता ओलांडून थेट टेलरबाईंच्या स्वयंपाकघरात संपतो. नर्सबाई म्हणाल्या, "मग चांगलंच आहे की." पण शेवटी भिंतीच्या कडेकडेने जाऊन एक वळण घेऊन रस्त्याला लागणारा उतार ठरला.

काम सुरू झालं आणि गल्ली आपापल्या खुर्च्या घेऊन बाहेर आली. शेजारचे रिटायर्ड हवालदार म्हणाले की सिमेंट जास्त घाला. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, सिमेंट जास्त झालं की तडा जातो, वाळू जास्त घाला. दोघांनी मिळून ठरवलं की पाणी मात्र कमी आहे. पाणी घातलं तर दोघांनी मिळून ठरवलं की आता ते फार झालं. लंबू फावडं मारायचा, मुली घमेली वाहायच्या, रविवारच्या शाळेच्या बाई सगळ्यांना टोप्या घालायला लावायच्या, आणि गिटारवाल्याने कालवायच्या तालावर ते एकच गाणं धरलं. पहिल्यांदाच ते कशाच्या तरी उपयोगी पडत होतं. आदल्या दिवशीच्या कोऱ्या रंगावर सिमेंटचे शिंतोडे उडून भिंतीला देवी आल्यासारखं दिसू लागलं.

तेवढ्यात नगरपालिकेचे ओव्हरसीयर स्कूटरवरून आले. स्कूटर स्टँडवर लावून, हातमोजे काढून, घडी करून खिशात ठेवून मग म्हणाले, "हे काय चाललंय?"

"रॅम्प," निरीक्षक म्हणाले.

"परवानगी?"

"चांगलं काम आहे हो."

"चांगल्या कामाला वेगळा अर्ज असतो. तुमचा पाया गटाराच्या हद्दीत वीतभर येतोय. नियमात बसत नाही."

निरीक्षक ऐकतच राहिले. 'नियमात बसत नाही.' हे वाक्य त्यांनी स्वतः किती दुकानांत, किती काकुळतीला आलेल्या लोकांना ऐकवलं होतं! पण समोरून ऐकायला ते इतकं थंडगार लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. तरी त्यांच्यातला सरकारी माणूस जागा झाला.

"कायमचं बांधकाम नियमात बसत नाही," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर."

"आणि तात्पुरतं?"

ओव्हरसीयरांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. एका गवयाने दुसऱ्याची तान ओळखावी तसं. "तात्पुरतं चालतं."

"तर मग हा तात्पुरता रॅम्प आहे."

"सिमेंटचा?"

"सिमेंटचा तात्पुरता."

"तात्पुरता म्हणजे किती दिवस?"

"नियमात काय म्हटलंय?"

ओव्हरसीयर विचारात पडले. "नियमात काही म्हटलेलं नाही."

दोघांनी हात मिळवले. जाताना ओव्हरसीयर खिडकीपाशी थांबून नर्सबाईंना म्हणाले, "बाई, रॅम्प तात्पुरता आहे, लक्षात ठेवा." नर्सबाई म्हणाल्या, "मीपण." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

सिमेंट सुकेपर्यंत मुलं आळीपाळीने पाणी मारत राहिली. निरीक्षक दर थोड्या वेळाने उतारावर पाणसळ ठेवून बुडबुड्याकडे बघत, आणि मुलं त्यांच्या मागे उभी राहून बुडबुड्याकडे बघत. 'किलोकाका'मध्ये आता चेष्टा थोडी कमी आणि काका थोडा जास्त ऐकू येत होता. निरीक्षकांची मान जरा ताठ झाली. पहिलीच्या बाकावर ते आता जणू सिंहासनावर बसल्यासारखे जेवत.

शिबिराच्या शेवटच्या दिवसांत एका सकाळी ती वेळ आली. नर्सबाईंनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते. केस विंचरून घट्ट बांधले होते. पलीकडे टेलरबाई काठी टेकत टेकत आपल्या उंबरठ्यावर येऊन खुर्ची टाकून बसल्या होत्या. गल्ली दोन्ही बाजूंना उभी. हवालदारांनी तर रस्त्यात उभं राहून रहदारीच थांबवली. निरीक्षकांनी हलक्या हाताने खुर्ची पुढे ढकलली.

खुर्ची दारात आली आणि खट्‌कन थांबली.

त्यांनी पुन्हा मागे घेऊन ढकलली. खट्. चाकं चौकटीला दोन्हीकडून दोन-दोन बोटं अडत होती. खुर्ची घरात आली होती ती घडी करून, आणि आत उघडली गेली होती. या दारातून ती उघडलेली कधी गेलीच नव्हती. निरीक्षकांनी पायऱ्या मोजल्या होत्या, रस्ता मोजला होता, गटार मोजलं होतं, समोरच्या स्वयंपाकघरापर्यंतचं अंतरसुद्धा मोजलं होतं. दार मोजलं नव्हतं.

मागे कोणीतरी खुदकन हसलं, मग लाट आल्यासारखे सगळे हसले. हवालदार म्हणाले, "मी हे आधीच सांगणार होतो." किराणावाला म्हणाला, "चाकांना तेल लावा." लंबूने उचलायचं सुचवायला तोंड उघडलं आणि रविवारच्या शाळेच्या बाईंच्या नजरेने ते मिटलं. हसल्या नाहीत त्या दोघीच. नर्सबाई समोर बघत होत्या. पलीकडे टेलरबाईंनी हलवायला वर केलेलं कापड हळूच मांडीवर ठेवलं होतं.

"मागे घ्या," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "राहू दे. इथवर आले ना, पुष्कळ झालं."

निरीक्षकांनी खुर्ची मागे घेतली. मग ते कोणाकडे न बघता घराच्या मागच्या अंगणात गेले आणि एका पालथ्या घमेल्यावर बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या मापात चुका काढल्या, आणि हे! खात्यात कळलं तर? खात्याचं जाऊ द्या. दारातून मागे येताना त्या बाईंचे हात मांडीवर कसे पडले होते, ते डोळ्यांपुढून जात नव्हतं.

मागून पावलं वाजली. मुलगी येऊन शेजारी उकिडवी बसली. ती काही बोलेल म्हणून ते वाट बघत होते, आणि ती बोलू नये असंही त्यांना वाटत होतं.

"दार राहिलं," शेवटी तेच म्हणाले.

"हो ना. माझ्याही लक्षात आलं नाही. टेपचं दुसरं टोक तर माझ्याच हातात होतं."

"तू कशाला बघणार? माप घेणं माझं काम."

"म्हणून तर बघितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मापलेलं मी परत मापत नाही, बाबा. कधीच नाही. लहान असल्यापासून."

निरीक्षकांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. रुमालाला सिमेंट लागलेलं होतं, त्यामुळे चष्मा आणखीच खराब झाला. मुलीने तो त्यांच्या हातातून घेतला, स्वतःच्या ओढणीने स्वच्छ पुसला आणि परत दिला.

"चूक झाली," ते म्हणाले.

"झाली. आता काय करायचं ते सांगा. बाहेर सगळे थांबलेत."

निरीक्षक उठले. "चौकट काढायची."

चौकट काढायची म्हणजे काय, हे त्यांना नंतर कळलं. गावातला सुतार आला, त्याने पहार लावली, आणि चौकटीबरोबर डावीकडचं प्लॅस्टर हातभर खाली आलं. ते सगळं निरीक्षकांच्या डोक्यावर. मुलगी "बाबा!" म्हणून धावली, गिटारवाला विचारायला लागला, "किलोकाका, पिवळी पुडी देऊ की गुलाबी?" जुनं दार नव्या चौकटीला अपुरं पडलं, त्याला एक फळी जोडावी लागली, ती सुताराकडे मिळेना, मिळाली तर वाळलेली नव्हती. नवी चौकट बसेपर्यंत घराला दारच नाही. कुत्री, कोंबड्या आणि सल्लागार आत-बाहेर करू लागले. नर्सबाई खिडकीतून ओरडल्या, "अगं, पडदा हवा पडदा! दाराएवढा!" पलीकडून उत्तर येणार नव्हतंच. पण टेलरबाईंनी दोन्ही हात पसरून रुंदीची खूण केली: एवढा? नर्सबाईंनी हात आणखी पसरले: एवढा. निरीक्षक टेप घेऊन मध्ये पडणार होते, तेवढ्यात मुलीने त्यांना डोळ्यांनी दाबलं. दुपारपर्यंत पडदा शिवून आला, आणि निरीक्षकांनी नंतर चोरून मोजून बघितला. कुठेही सूतभर कमीजास्त नव्हतं.

परत निघायच्या दिवशी चौकट बसली. या वेळी मुलांनी रिकामी खुर्ची आधी दारातून आत-बाहेर इतक्या वेळा फिरवली की नर्सबाई म्हणाल्या, "मला बसू द्या आता त्यात, की तीच जाऊन येणार आहे?" त्या बसल्या. निरीक्षकांनी मुलीकडे बघितलं आणि बाजूला झाले. खुर्ची तिने ढकलली. दारातून बाहेर, भिंतीच्या कडेने खाली, वळणावर जरा थांबून, मग रस्त्यावर. हवालदारांनी पुन्हा रहदारी अडवली. एक स्कूटर थांबली, ती नेमकी ओव्हरसीयरांची. त्यांनी इंजिन बंद केलं.

नर्सबाई रस्त्याच्या मधोमध आल्यावर म्हणाल्या, "थांब जरा." त्यांनी वर बघितलं, मग गल्लीच्या या टोकाला, त्या टोकाला. मान वळवून आपल्या घराची भिंतही बघितली. "रंग बरा आहे," त्या म्हणाल्या. "शिंतोडे सोडले तर." मग खुर्ची पुढे गेली आणि टेलरबाईंच्या उंबरठ्याला टेकली.

दोघींनी आधी एकमेकींचे हात धरले. नर्सबाईंनी सवयीने टेलरबाईंची नाडी बघितली, टेलरबाईंनी त्यांच्या बाहीची उसवलेली शिवण बघितली. मग टेलरबाई पुढे वाकल्या आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. नर्सबाईही वाकून काही बोलल्या. हळू. अगदी हळू.

गल्लीची मोठी पंचाईत झाली. दोन वर्षं यांच्या घरातलं पान हललेलं सगळ्यांना कळत होतं, आणि आज नेमकं काही ऐकू येत नव्हतं. किराणावाल्याने रेडिओ बंद केला. हवालदार रहदारी सोडून दोन पावलं पुढे सरकले. सुनेचं काय झालं, गुडघ्याचं काय झालं, का हे दुसरंच काही होतं? टेलरबाई डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. बसवाल्याने हॉर्न द्यायला हात उचलला, तर रविवारच्या शाळेच्या बाईंनी त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की त्याने तो हात केसांवरून फिरवला.

निरीक्षकांना वाटलं, आपण पुढे होऊन या सगळ्यांना हटवावं. त्या हिशोबाने ते पुढे झालेही. "चला चला, काय आहे इथे बघण्यासारखं," असं म्हणत त्यांनी हवालदारांना मागे सारलं, किराणावाल्याला दुकानात धाडलं, मुलांना बसकडे पिटाळलं, आणि मग अगदी मोक्याच्या जागी एकटेच उभे राहून त्यांनी नकळत मान तिरपी केली आणि हात कानामागे नेला.

"बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्हीसुद्धा."

"मी कुठे काय..."

तिने त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना बसकडे वळवलं. बसच्या खिडक्यांतून सगळी पोरं बघत होती. लंबूने काहीतरी म्हणायला डोकं बाहेर काढलं होतं. निरीक्षकांनी तिची अडचण ओळखून कोपर सोडवून घ्यायला हात हळूच ओढला.

तिने सोडलं नाही. "बघू दे," ती म्हणाली, आणि बसच्या पायरीपर्यंत तशीच चालत आली.